धनगराचें कुत्रें आणि त्याचें कुळ

कुपवाडच्या औद्योगिक वसाहतीची शेवटची भिंत संपून जेथें पुन्हां उंसाचे आणि शाळूचे तुकडे सुरू होतात, तेथें गेल्या माघांत एका धनगराचा वाडा उतरला होता. वाडा हा शब्द ऐकून वाचकांनीं चिरेबंदी वास्तु डोळ्यांपुढें आणूं नये. दोन पालें, तीन घोडीं, वाघरीच्या जाळ्यांत बसविलेलीं दोन-अडीचशें मेंढरें आणि त्या जाळ्याच्या चार कोंपऱ्यांस पसरलेलीं चार कुत्रीं, एवढाच तो संसार. शेतकऱ्यानें खतासाठीं मेंढरें आपल्या रानांत बसवून घ्यावीं, मोबदला धान्यानें अथवा पैशानें द्यावा, आणि चार-दोन रात्रींनंतर वाड्यानें पुढच्या शेताची वाट धरावी, हा क्रम कृष्णाकांठीं पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे. १९९८ सालीं कुपवाड हें सांगली व मिरज यांच्यासह एका महानगरपालिकेंत गेलें, ही वार्ता त्या क्रमास अद्याप कोणीं कळविलेली दिसत नाहीं.

आमचे एक स्नेही त्याच सुमारास कुत्र्याचें पिलूं शोधीत होते. त्यांच्या शेतावर शेळ्या आहेत, थोडीं मेंढरें आहेत, आणि त्यांस मेंढपाळी जातीचेंच कुत्रें हवें होतें. आदल्या वर्षीं त्यांनीं एका विक्रेत्याकडून बऱ्याच मोलाचें विलायती पिलूं आणलें होतें. विक्रेत्यानें छापील वंशावळ दाखविली. आई मात्र दाखविली नाहीं. ती गांवाकडे असते, असें सांगितलें. पिलूं घरीं आलें तेव्हां पांच आठवड्यांचेंही नसावें. आठव्या दिवशीं त्यास रक्ताची हगवण लागली आणि अकराव्या दिवशीं तें गेलें. डॉक्टरांनीं पार्व्हो हें नांव सांगितलें. १९७८ च्या सुमारास जगभर पसरलेला हा रोग, लस न टोंचलेल्या कोंवळ्या पिलांचा काळच होय. स्नेह्यांच्या धाकट्या कन्येनें त्यानंतर कित्येक दिवस घरांत कुत्र्याचें नांव काढूं दिलें नाहीं. तेव्हां यंदा पिलूं घ्यावयाचें तें पुरतें विचारून घ्यावयाचें, असा त्यांनीं निश्चय केला, आणि विचारण्यासाठीं आम्हांस गांठलें. जुनीं दप्तरें चाळणाऱ्या माणसाचा कुत्र्याच्या खरेदींत काय उपयोग, असें आम्हीं म्हणतांच ते उत्तरले, “वंशावळी वाचायचा धंदा तुमचाच ना?” प्रस्तुत लेख हा त्या उत्तराचा परिणाम होय.

प्रथम शब्दाचा घोळ निवारला पाहिजे. मेंढपाळी कुत्रें ह्या एका नांवाखालीं दोन अगदीं भिन्न धंद्यांचीं कुत्रीं वावरत असतात. एक हांकणारें व दुसरें राखणारें. स्कॉटलंड-इंग्लंडच्या सीमेवरील कॉली हें पहिल्या प्रकारचें. तें पोट जमिनीस लावून दबकत जातें, मेंढरांवर नजर रोखतें, आणि त्या नजरेच्या धाकानें कळप वळवितें. हें सारें शिकारीचेंच नाटक आहे. फक्त शेवटचा अंक, म्हणजे दांत लावणें, तेवढा मनुष्यानें पिढ्यांच्या निवडीनें गाळला आहे. राखणारें कुत्रें याच्या उलट. तें मेंढरांच्या मागें धांवत नाहीं, त्यांच्यांत झोंपतें, आणि परका वास येतांच उठून उभें राहतें. हांकणाऱ्यास मेंढरूं हें सावज वाटावें लागतें. राखणाऱ्यास तें भावंड वाटावें लागतें. दोन्ही गुण एकाच कुत्र्यांत सांपडणें कठीण, आणि एकाची अपेक्षा करून दुसरें विकत घेतलें तर दोष कुत्र्याचा नव्हे.

हा भेद कोठून आला? आमच्या मतें तो लांडग्यानें केला. इंग्लंडांतून लांडगा पंधराव्या शतकाच्या अखेरीस जवळजवळ नाहींसा झाला. स्कॉटलंडांत तो सतराव्या शतकापर्यंत तग धरून होता. तो गेल्यावर मेंढपाळास रात्रीच्या राखणदाराचें अगत्य उरलें नाहीं, आणि मोकळ्या डोंगरावर विखुरलेला कळप एकट्यानें गोळा करण्यास दुसऱ्या प्रकारचा सोबती हवासा झाला. दख्खनच्या पठारावर तसें झालें नाहीं. व्यंकटेश माडगूळकरांची ‘बनगरवाडी’ (१९५५) ज्या माणदेशांत घडते, त्या मुलुखांतील माळांवर लांडगा आजही आहे. १९७२ च्या वन्यजीव कायद्यानें त्यास संरक्षणही दिलें आहे. म्हणजे आतां त्याच्याशीं तंटा करावयाचा तो कुत्र्यानेंच. आमचा मेंढका स्वतः कळपाच्या पुढें चालतो, शीळ घालतो, जिभेनें टकटक करतो, आणि मेंढरें त्याच्या मागून येतात. हांकण्यास त्याला कुत्रें लागत नाहीं. त्यास कुत्रें लागतें तें रात्रीं, मेंढरें वाघरींत बसल्यावर.

अशा ह्या उपयोगी प्राण्याचा आमच्या लिखित इतिहासांत शोध घेऊं जातां थोडी निराशाच पदरीं येते. वेदांतील सरमा ही पणींनीं लपविलेल्या गाईंचा माग काढणारी इंद्राची कुत्री. आरंभ तर गुरांच्या राखणीशीं नातें सांगणारा आहे. पण पुढें राजांचें राज्य सुरू होतें आणि कुत्रें शिकारखान्यांत जातें. गंगवंशी बूतुगानें आपल्या मनलर नामक वीरास ‘काळी’ नांवाची शिकारी कुत्री बक्षीस दिली. ती रानडुकराशीं झुंजून मेली, आणि तिच्या स्मरणार्थ दगड उभारला गेला. कर्नाटकांतील आतकूर येथील हा शिलालेख शके ८७२, म्हणजे इसवी सन ९४९-५० चा होय. पुढें बाराव्या शतकाच्या पूर्वार्धांत कल्याणीच्या चालुक्यवंशांतील तिसऱ्या सोमेश्वराचा ‘मानसोल्लास’ रचला गेला. त्या काळीं मिरज-कऱ्हाडचा आमचा मुलूख चालुक्यांचे मांडलिक जे शिलाहार, त्यांच्याकडे होता. ह्या ग्रंथांत सारमेयविनोद असें स्वतंत्र प्रकरण असून तेथें कुत्र्यांची चर्चा आहे. पण ती राजाच्या करमणुकीसाठीं, धनगराच्या उपयोगासाठीं नव्हे. साताऱ्याच्या शाहू छत्रपतींचें कुत्रें तर प्रसिद्धच आहे. त्यानें महाराजांस वाघापासून वांचविलें, म्हणून त्यास जहागीर व पालखीचा मान मिळाला असें सांगतात. संगम माहुलीस ह्या खंड्याची समाधि दाखविण्यांत येते.

पालखींत बसलेल्या कुत्र्याची बखर होते. वाघरीशेजारीं थंडींत कुडकुडणाऱ्याची होत नाहीं. त्याची नोंद पहावयाची असेल तर दप्तर मिटून देवळांत गेलें पाहिजे. खंडोबाच्या घोड्याच्या पायांशीं कुत्रें आहे. त्याची दुसरी पत्नी बाणाई ही धनगरीण. त्याचे वाघ्ये जत्रेंत कुत्र्याप्रमाणें भुंकतात, आणि कोटंब्यांत भिक्षा घेतात. सांगली जिल्ह्यांत कवठेमहांकाळ तालुक्यांतील आरेवाडीचा बिरोबा हें धनगरांचें मोठें दैवत. जर्मन पंडित गुंथर सोन्थायमर यांनीं धनगरांच्या वाड्यांवर हिंडून, त्यांच्या ओव्या व कथा टिपून घेऊन, बिरोबा, म्हस्कोबा व खंडोबा यांवर १९७६ सालीं ग्रंथ प्रसिद्ध केला. जो समाज आपलें सारें ज्ञान मुखानें जपतो, तो कुत्र्याची कुळकथाही मुखानेंच जपणार, हें तेव्हां आमच्या ध्यानांत यावयास हवें होतें. तें आलें कुपवाडच्या शेतांत, पण त्याविषयीं मागाहून.

विलायतेंत ही कुळकथा कागदावर कशी आली, हें पाहण्यासारखें आहे. १८७३ च्या आक्टोबरांत वेल्स प्रांतीं बाला येथें मेंढपाळी कुत्र्यांच्या कामाची पहिली जाहीर चुरस झाली, आणि तींत एका स्कॉच मेंढपाळाचा ‘ट्वीड’ नामक कुत्रा जिंकला. पाहुण्याच्या कुत्र्यानें घरच्यांस हरवावें, हें वेल्सच्या मेंढपाळांस कितपत रुचलें असेल याची कल्पना वाचकांनींच करावी. पुढें वीस वर्षांनीं, १८९३ त, नॉर्दम्बरलंड परगण्यांत ॲडम टेल्फर नांवाच्या मेंढपाळाच्या घरीं ‘हेंप’ जन्मला. आजच्या बॉर्डर कॉली जातीचा हा मूळपुरुष मानतात. त्याचा बाप रॉय हा मनमिळाऊ, पण नजरेचा जोर बेताचा. त्याची आई मेग ही फार तीव्र नजरेची, पण बुजरी. टेल्फरनें एकाचें उणें दुसऱ्यानें भरून निघेल असा जोडा जमविला. सुंदर कुत्रीं त्याच्या शेजारीं पुष्कळ असतील. त्यानें पाहिलें तें काम व स्वभाव. हेंपची संतति दोनशेंच्या घरांत गेली असें म्हणतात. १९०६ सालीं ह्याच लोकांनीं आपली आंतरराष्ट्रीय संस्था काढली आणि मेंढपाळांच्या मुखांतील वंशावळ वहींत उतरूं लागली.

जर्मनींत हेंच काम एका लष्करी गृहस्थानें केलें. १८९९ च्या एप्रिलांत कार्ल्सरूह येथील प्रदर्शनांत माक्स फोन श्टेफानिट्स यानें एक कामाचें कुत्रें पाहिलें, विकत घेतलें, आणि त्याच महिन्यांत जर्मन मेंढपाळी कुत्र्यांची संस्था स्थापिली. आमच्याकडे ज्यास बरेच दिवस अल्सेशियन म्हणत, तें हेंच कुत्रें. पण पुढचा प्रकार बोधक आहे. मेंढरें उणावलीं, प्रदर्शनें वाढलीं, आणि कुत्र्याचें मोल त्याच्या चालीवरून व पाठीच्या उतारावरून ठरूं लागलें. मागील पायांच्या खुब्याचा सांधा नीट न बसण्याचें दुखणें ह्या जातींत इतकें पसरलें कीं, जोडा लावण्यापूर्वीं आईबापांच्या खुब्यांचीं क्ष-किरण चित्रें पाहण्याची चाल पाडावी लागली. वंशावळीचा कागद कामाचा पुरावा होता तोंवर त्यास अर्थ होता. कागदच विक्रीचा माल झाला तेव्हां अनर्थ झाला. आमच्या स्नेह्यांस दाखविलेला कागद हा ह्या दुसऱ्या जातीचा.

असा प्रकार आपल्या शेजारींही पहावयास सांपडतो. मुधोळ हें घोरपड्यांचें मराठी संस्थान. आज तें कर्नाटकांत बागलकोट जिल्ह्यांत मोडतें. तेथील मालोजीराव घोरपडे यांनीं आसपासच्या बेरडांकडील व इतर शिकारी लोकांकडील कुत्रीं पारखून तीं जोपासलीं, आणि पांचव्या जॉर्ज बादशहास पिलांची जोडी नजर केली, असें सांगतात. मुधोळचें कुत्रें हें नांव तेव्हांपासून रूढ झालें. हें कुत्रें नजरेनें सावज टिपून धांवणारें, म्हणजे शिकारी, मेंढपाळी नव्हे. तरी त्याचें उदाहरण येथें घेण्याचें कारण असें कीं, एका जाणत्या पुरुषानें लक्ष घातलें म्हणून ती जात टिकली. मुधोळजवळ तिम्मापूर येथें कर्नाटकच्या पशुवैद्यक विद्यापीठाचें केंद्र आहे. २०१६ सालीं तेथील पिलें लष्कराच्या मेरठ येथील केंद्रांत शिक्षणासाठीं गेलीं. टपाल खात्यानें २००५ सालीं ह्या कुत्र्याचें तिकीट काढलें. मागणी वाढली. त्याबरोबर मुधोळचीं म्हणून भलतींच पिलेंही बाजारांत येऊं लागलीं. प्रसिद्धि ही जातीचें रक्षण करते कीं नाश करते, हें पिलूं घेणाऱ्याच्या डोळसपणावर अवलंबून असतें असें आम्हांस वाटतें.

मग डोळसपणें पहावें तें काय? खेड्यांत नखें मोजतात. सामान्य कुत्र्यास अठरा नखें असतात; मागील पायांस एकेक अधिक असून वीस भरलीं तर तें कुत्रें शूर निघतें, असा समज आहे. पिलूं मानेस धरून उचलावें, ओरडलें तर भित्रें, ही दुसरी परीक्षा. ह्यांवर हंसणाऱ्या सुशिक्षितांस आम्ही सांगूं इच्छितों कीं, फ्रान्सांतील बोसरों ह्या मेंढपाळी जातींत मागील पायांस जोडनखी नसेल तर कुत्रें प्रदर्शनांत बाद करतात. भ्रम हा कांहीं एकट्या खेडवळांचा मक्ता नव्हे. नखांचा व धैर्याचा संबंध कोणीं दाखविलेला नाहीं. पण पिलूं पहिल्या आठवड्यांत कोठें व कोणाच्या संगतींत वाढलें, ह्याचा त्याच्या पुढील स्वभावाशीं संबंध पुरा सिद्ध झाला आहे.

चार्ल्स डार्विन १८३३ सालीं दक्षिण अमेरिकेंत, आजच्या उरुग्वे देशांत, फिरत असतां त्यानें मेंढरांच्या मोठ्या कळपाबरोबर मैलोगणती दूर, मनुष्यावांचून, एक-दोन कुत्रीं राखणीस असलेलीं पाहिलीं. त्यानें चौकशी केली. पिलूं अगदीं लहानपणीं आईपासून काढून मेंढीस पाजतात, मेंढवाड्यांत लोंकरीचें अंथरूण करून त्यास ठेवतात, इतर कुत्र्यांत मिसळूं देत नाहींत, असें त्यास कळलें. १९६५ सालीं अमेरिकेंतील स्कॉट व फुलर ह्या शास्त्रज्ञांनीं अनेक वर्षांच्या प्रयोगांनंतर दाखविलें कीं, तिसऱ्यापासून सुमारें बाराव्या आठवड्यापर्यंत पिलाचें मन ज्यांस आपलें मानतें त्यांस तें जन्मभर आपलें मानतें. मेंढरांची राखण करावयाची असेल तर तो काळ मेंढरांत गेला पाहिजे. घरांत रहावयाचें असेल तर माणसांत, मुलांत, भांड्यांच्या आवाजांत गेला पाहिजे. दुकानाच्या पिंजऱ्यांत गेला तर पुढें कितीही खर्च केला तरी तो परत येत नाहीं. शिवाय भावंडांशीं खेळतांना दांत किती जोरानें लावावे हें पिलूं शिकतें; तें शिक्षण पुरें होण्यापूर्वीं त्यास तोडणें हा दुहेरी अपराध होय. भारत सरकारनें २०१७ सालीं कुत्र्यांच्या पैदाशीसंबंधीं नियम केले, त्यांत पैदास करणाऱ्यानें राज्याच्या पशुकल्याण मंडळाकडे नोंदणी केली पाहिजे, आणि आठ आठवड्यांच्या आंतील पिलूं विकतां कामा नये, असें स्पष्ट आहे. आमच्या स्नेह्यांस तो नियम तेव्हां ठाऊक नव्हता. विक्रेत्यास असावा.

विलायती जातच हवी असेल त्यानें आणखी कांहीं विचारावें. जर्मन कुत्र्याच्या आईबापांच्या खुब्यांचीं चित्रें पहावीं. कॉलीच्या पिलांचे डोळे तपासून घ्यावे. कॉलींपैकीं पुष्कळांत एक आनुवंशिक दोष असतो, त्यामुळें मेंढरांस जंतांसाठीं सर्रास दिलें जाणारें आयव्हरमेक्टिन हें औषध मोठ्या मात्रेंत त्यांच्या मेंदूस विष होतें. ह्या दोषाचें कारण २००१ सालीं उकललें. मेंढरांच्या औषधानें मेंढरांचेंच कुत्रें मरावें, ही विपरीत गोष्ट खरी आहे. कबऱ्या, निळसर छटेच्या दोन कॉलींचा जोडा लावला तर कांहीं पिलें आंधळीं व बहिरीं निपजतात. आणि बाजारांत रंगासाठीं अधिक पैसे देणारे भेटतात, म्हणून तसे जोडे लावणारेही भेटतात. सारांश एवढाच कीं, प्रामाणिक पैदासकार आई दाखवितो, तिची राहण्याची जागा दाखवितो, दोष विचारण्यापूर्वीं सांगतो. आणि मुख्य म्हणजे घेणाऱ्याची परीक्षा तोच आधीं घेतो.

येथें एक विसंगति नमूद केल्यावांचून राहवत नाहीं. आमच्या शेजारच्या सातारा जिल्ह्यांत फलटण येथें बनबिहारी निंबकर यांनीं १९६८ सालीं स्थापिलेल्या संस्थेनें दख्खनी मेंढीवर अनेक वर्षें काम केलें. सुंदरबनांतील गरोल ह्या लहानशा मेंढीचा जुळीं होण्याचा गुण त्यांनीं दख्खनी मेंढींत उतरविला. कोणती मेंढी कोणाची, तिला कितीं कोकरें झालीं, कितीं जगलीं, हें तेथें वहीवर आहे. कवठेमहांकाळजवळ रांजणी येथें सरकारी मेंढी-केंद्र आहे. जत तालुक्यांतील माडग्याळची मेंढी तिच्या बांकदार नाकावरून लांबून ओळखतात. म्हणजे मेंढीची वंशावळ झाली. तिच्या उशाशीं रात्रभर जागणाऱ्या कुत्र्याची नाहीं. कर्नाल येथील राष्ट्रीय संस्थेनें मुधोळच्या कुत्र्यास जात म्हणून मान्यता दिली, हिमालयांतील गद्दी मेंढपाळांच्या कुत्र्यासही दिली. धनगराच्या कुत्र्याची मात्र गणना अद्याप गांवठी ह्या एका शब्दांत होते. वाडे वर्षागणिक कमी होत आहेत, वाटेवरच्या शहरांत भटकीं कुत्रीं वाढत आहेत; ज्या मुखांत ही वंशावळ आहे तीं मुखें म्हातारीं होत चाललीं आहेत.

त्यांतील एका मुखाशीं आमची गांठ पडली. आम्ही दोघे बांधावरून वाड्याकडे जाऊं लागतांच एक काळी, भरदार केसांची कुत्री उठली आणि न भुंकतां आमच्या व मेंढरांच्या मध्यें येऊन उभी राहिली. पालांतून एक वृद्ध बाहेर आला. त्यानें नुसता आवाज दिला, तशी ती दोन पावलें मागें सरली. बसली मात्र नाहीं.

“आबा, पिलूं बघायला आलोंय,” स्नेही म्हणाले.

“पिल्लू काय बघायचं, पावणं? आधी हिची आय बघा. पिल्लू कुटलंबी ग्वाडच असतंय.”

मग त्यानें सांगितलें तें असें. ह्या कुत्रीची आई जतच्या बाजूच्या एका वाड्यावरची. तिला लांडग्यानें कानामागें फाडलें होतें, तरी तिनें कोकरूं सोडविलें. तिची बहीण कोंबड्या मारी, म्हणून तिचीं पिलें कोणीं ठेवलीं नाहींत. पिलांचा बाप येथील चौघांपैकीं नव्हे. हीं चारही एका रक्ताचीं, म्हणून मुद्दाम पलीकडच्या वाड्यावरचा. तीन पिढ्या, त्यांचे गुण, त्यांचीं वैगुण्यें आणि जोडा लावण्याचें कारण, सारें कागदावांचून. ॲडम टेल्फर तेथें असता तर त्यास दुभाष्याखेरीज दुसरी कोणतीही अडचण पडली नसती.

पिलें पालाच्या मागें, नुकत्या जन्मलेल्या कोकरांच्या गोठणींत होतीं, तीन आठवड्यांचीं. एक पिलूं कोकराच्या पोटास पाठ लावून निजलें होतें. स्नेह्यांनीं तेंच हातीं घेतलें, आणि आमच्याकडे पाहिलें. आम्हीं म्हाताऱ्याकडे पाहिलें. त्यानें प्रश्न सुरू केले. मेंढरें किती? रात्रीं कोठें बसतात? घरीं दिवसभर कोण असतें? कुत्रें बांधून घालणार कीं मोकळें ठेवणार? स्नेह्यांनीं क्षणभर थांबून खरें तें सांगितलें, दिवसां कदाचित् बांधावें लागेल, रस्त्यास ट्रक फार.

“मग फुडच्या रानात कुंपाण घाला,” म्हातारा म्हणाला. “बांधलेलं कुत्रं येड होतंय. न्हायतर दुसरं बघा.”

स्नेह्यांनीं कुंपणाचें कबूल केलें. पैशाची गोष्ट काढतांच त्यानें मान हलविली. आरेवाडीस गेलांत तर बिरोबाला एक नारळ फोडा, म्हणाला. पिलूं मात्र त्या दिवशीं दिलें नाहीं. पाडव्यास वाडा मिरजेच्या पलीकडे असेल, तोंवर तें आईचें पिईल आणि कोकरांत राहील. तेव्हां येऊन न्यावें.

हें लिहीत असतां पाडव्यास बारा दिवस उरले आहेत. कुंपणाचे खांब उभे झाले आहेत, तार यावयाची आहे. गुरांच्या डॉक्टरांकडे लशीचा दिवस विचारून ठेवला आहे. स्नेह्यांच्या धाकट्या कन्येनें नांवांची यादी केली असून, आमच्याकडून माहुलीची गोष्ट ऐकल्यापासून खंड्या हें नांव तींत पहिलें आहे. पिलूं मादी आहे, हें तिला अद्याप कोणीं सांगितलेलें नाहीं.